ऊस किती टन भरला?

कोर्टाच्या आवारात ताटकळणाऱ्या पक्षकाराला एवढंच हवं असतं: पुढची पेशी कधी? 1956 साली नागपूरचं उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचं होऊन जबलपूरला आलं. तेव्हापासून हा प्रश्न घेऊन दूरदूरच्या जिल्ह्यांतली माणसं या शहरात उतरतात. आता खटल्याची माहिती ई-कोर्ट्सवर मोबाइलवरही मिळते. त्यासाठीचा सीएनआर क्रमांक मात्र 16 अक्षरांचा. तो पाठ असलेला पक्षकार शोधून सापडणार नाही. त्याच्या ध्यानात असतं ते स्वतःचं आणि वकिलाचं नाव. नावावरून शोधायची सोय तिथे आहे, हे बरंच झालं.

माणसाच्या डोक्यात काय असतं आणि पडदा त्याच्याकडे काय मागतो, यांचा मेळ आधीच घालणं म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजा जाणून घेणं. जबलपूरच्या डुमना रस्त्यावरच्या, 2005 साली स्थापन झालेल्या ट्रिपल आयटीडीएम या संस्थेत अभियांत्रिकीच्या जोडीला डिझाइन शिकवलं जातं, आणि डिझाइनच्या कामाची सुरुवात या गरजा जाणून घेण्यापासूनच होते. काम दिसतं तितकं सोपं नाही. ‘तुम्हाला कसं अ‍ॅप हवं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सोपं पाहिजे.’ त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘मागची तारीख कशी कळली?’ असं विचारून पाहावं. मग वकिलाच्या मुन्शीला केलेले फोन, पाकिटातली घडी पडलेली चिठ्ठी, शेजारच्या पोराकडून वाचून घेतलेला मेसेज, असं एकेक बाहेर येतं. शेजारचा पोरगाही वापरकर्ताच; त्याला विसरून चालत नाही.

याचा मोठा धडा मिळाला तो कोल्हापूरजवळच्या वारणा खोऱ्यात. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावच्या केंद्रांत संगणक आले. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, सरकारी कामं असं सगळं त्यावर मिळावं, ही कल्पना. हेतूत खोट नव्हती.

काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले राजेश वीरराघवन आणि त्यांचे सहकारी वारणेत गेले. त्यांनी नवं काही सुचवण्याआधी चालू काम पाहिलं. शेतकऱ्याचे प्रश्न ठरावीक होते: माझा ऊस किती टन भरला, तोड कधी येणार, खात्यावर खत किती उचललं, बिल किती निघालं? संगणक मुख्यतः कारखाना आणि गाव यांच्यात हेच आकडे पोचवत होता. त्यासाठी वीज हवी, दुरुस्ती हवी, खर्च तर होताच.

हिशेबवहीतल्या चार आकड्यांसाठी अख्खा संगणक कशाला? त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणला. ठरावीक मेसेज पाठवला की कारखान्यातल्या संगणकाकडून उत्तर यायचं. प्रयोग यशस्वी ठरला आणि त्याचा निबंध 2007 साली प्रसिद्ध झाला.

आपल्या संस्थेसाठी अ‍ॅप करून घ्यायच्या विचारात कुणी असेल, तर कोटेशन मागवण्याआधी दोन दिवस काउंटरच्या बाजूला खुर्ची टाकून बसावं. लोक काय विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं.