गोठा आणि गोठणारे पाणी

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेल्या लेह शहराच्या परिसरात जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली उतरते. पूर्वेकडील चांगथांगच्या पठारावर, जेथे चांगपा पशुपालक पश्मिना देणाऱ्या शेळ्यांचे कळप राखतात, थंडी याहूनही तीव्र असते. अशा प्रदेशात चाऱ्याची बेगमी उन्हाळ्यातच केली जाते; वाळवलेला लसूणघास घरांच्या धाब्यांवर रचून ठेवतात. पाण्याची बेगमी मात्र इतकी सोपी नाही. संध्याकाळी डोणीत भरलेले पाणी पहाटे दगडासारखे झालेले आढळते.

सभोवार हिम पसरलेले असता जनावर तहानेने कसे मरेल, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मेंढ्या व शेळ्या भुसभुशीत हिम खाऊन काही काळ निभावतात, हे खरे आहे. परंतु त्याची किंमत किती पडते ते पाहा. शून्याखाली २० अंशांवर असलेले एक किलोग्रॅम हिम शून्यापर्यंत आणण्यास सुमारे १० किलोकॅलरी, ते वितळविण्यास ८० आणि त्या पाण्याला देहाइतके ऊबदार करण्यास आणखी जवळजवळ ३९ किलोकॅलरी खर्ची पडतात. ४ अंशांच्या झऱ्याच्या पाण्याला सुमारे ३५ पुरतात. म्हणजे हिमाने तहान भागविणारे जनावर जवळजवळ चौपट उष्णता वेचते, आणि ती त्याला तुटपुंज्या चाऱ्यातूनच मिळवावी लागते. शिवाय रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पोट पाण्यावाचून चालत नाही. कोरडा चारा आत भिजला व आंबला, तरच तो अंगी लागतो. तहानलेली गाय प्रथम दूध आटविते, मग चाराही कमी खाते. भरल्या गंजीशेजारी ती खंगते.

वर आलेला ८० हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गोठलेले पाणी वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितकीच पाणी गोठताना बाहेर टाकते. म्हणून ४ अंशांचे पाणी शून्यावर येण्यास फार वेळ लागत नाही, पण शून्यावर आल्यानंतर संपूर्ण गोठावयास पुष्कळ अवधी लागतो. पशुपालकाला हा अवधीच हाती धरावयाचा असतो. एकदा बर्फ झाल्यावर तो शेणीच्या विस्तवावर वितळवीत बसणे म्हणजे, जेथे झाडे विरळ तेथे, घरातील इंधनच डोणीत ओतणे होय.

पाणी आपली उष्णता मुख्यतः पृष्ठभागातून गमावते. पसरट, उथळ घमेले लवकर गोठते. तेवढेच पाणी खोल व अरुंद भांड्यात पुष्कळ वेळ टिकते. त्यावर लाकडाची तरंगती फळी टाकून, तोंड घालण्यापुरतेच भोक ठेवले आणि कडेने माती व पेंढा लिंपला, तर वाऱ्याचा डाव बराचसा हुकतो. ४ अंशांचे पाणी सर्वांत जड असल्यामुळे ते तळाशी राहते व बर्फाचा थर वरच धरतो. म्हणूनच खोल तळ्यात बर्फाखाली पाणी शिल्लक असते.

सर्वांत भरवशाचा सहायक म्हणजे जमीन. काही मीटर खोलीवर तिचे तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीजवळ राहते, आणि लेहची ही सरासरी शून्याच्या वर आहे. नळ गोठण-मर्यादेखाली पुरल्यास पाणी वाहते राहते. वर पुरलेली नळी मात्र फुटते, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. थंड प्रदेशांतील हातपंपाच्या उभ्या नळीस गोठण-मर्यादेच्या खाली एक बारीक छिद्र ठेवतात. पंप थांबताच वरचे पाणी ओघळून खाली जाते व नळीत गोठण्यासारखे काही उरत नाही. छिद्रामुळे पंप किंचित गळतो, परंतु हा सौदा स्वस्तच म्हणावा लागेल.

लडाखी घरांच्या रचनेतही हाच विचार दिसतो. जुन्या घरांत तळमजला जनावरांचा असतो. एक गाय काही शे वॅट उष्णता सतत बाहेर टाकते. दाट भिंतींच्या आत तिचा लाभ डोणीलाही होतो आणि माडीवरील माणसांनाही. येथे एक सावधगिरी हवी. ऊब राखण्यासाठी सर्व झरोके बुजविल्यास दमट, शेणामुताच्या वासाने कोंदलेली हवा जनावरांच्या फुप्फुसांना अपाय करते.

ज्याच्यापाशी यांपैकी कोणतेच साधन नाही, त्याने दुपारच्या उन्हात, झऱ्यावरून नुकतेच आणलेले पाणी दोन वेळा पाजावे आणि उरलेले संध्याकाळी ओतून डोण पालथी घालावी. डोणीच्या भिंती वर पसरत गेलेल्या असाव्यात. मग चुकून पाणी राहिले, तरी फुगणारा बर्फ वर सरकतो, डोणीला तडा जात नाही, आणि सकाळी एका टोल्यासरशी आख्खी ढेप बाहेर निघते.