बगरूची लढाई नकाशात कुठे दाखवणार?

आठवीच्या पुस्तकातला मराठा साम्राज्याचा नकाशा, त्यात जैसलमेर आल्यावर तिथल्या माजी राजघराण्याने घेतलेली हरकत, मग एनसीईआरटीची समिती. बातमी सर्वांना ठाऊक आहे. वाद रंगला तो सीमारेषेवरून. रजपुतान्यात मराठे नेमके काय करत होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. त्याचं उत्तर शोधायला जैसलमेरपर्यंत जायची गरज नाही. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर बगरू आहे. आज ते ठशांच्या छपाईच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऑगस्ट १७४८ मध्ये भर पावसात इथे जयपूरच्या गादीवरून दोन सावत्र भावांचं भांडण लढलं गेलं आणि त्याचा निकाल मराठ्यांनी लावला.

भांडणाची मुळं १७०८ मधली. सवाई जयसिंहाने उदयपूरची राजकन्या केली, ती तिच्या पोटचा मुलगा धाकटा असला तरी गादीवर बसेल, या अटीवर. १७४३ मध्ये जयसिंह वारला आणि गादीवर थोरला ईश्वरीसिंह बसला. उदयपूरच्या राजकन्येचा मुलगा माधोसिंह याच्या पाठीशी मेवाडचा राणा उभा राहिला. मार्च १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंहाने बाजी मारली. त्या विजयाची खूण म्हणून त्याने बांधलेला इसरलाट मनोरा त्रिपोलिया बाजारातून आजही दिसतो. पण राण्याने थैली सैल केली आणि मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले.

बगरूला ईश्वरीसिंहाच्या बाजूने भरतपूरचा सूरजमल जाट लढला. सीकरचा शिवसिंह पडल्यावर आघाडी त्यानेच सांभाळली आणि ती अशी की रजपुतान्यातल्या कवींनीही या जाटाचे गोडवे गायले. निकाल मात्र समोरासमोरच्या झुंजीत लागला नाही. होळकरांचे गंगोबातात्या चंद्रचूड शत्रूच्या पिछाडीवर तुटून पडले, जयपूरहून येणारी रसद तोडली. ईश्वरीसिंह बगरूच्या गढीत कोंडला गेला, दाणावैरण संपली. मग त्याचा दिवाण केशवदास खत्री तात्यांशी बोलणी करायला पुढे आला, पैशाची भाषा झाली, आणि माधोसिंहाला परगणे, बुंदीचा दावेदार उमेदसिंह याला बुंदी देऊन तह ठरला. गादी ईश्वरीसिंहाकडेच राहिली. भांडण जिवंत राहील आणि पुढची खंडणी मागता येईल, असाच हा तह होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं इतक्या बारकाईने आपल्याला कळतं ते इतिहासकार जदुनाथ सरकारांमुळे. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले. त्यांतली मराठी पत्रं जदुनाथांनी फारसी आणि राजस्थानी साधनांशेजारी ठेवून वाचली. बंगाली जदुनाथ आणि कामशेतला राहणारे सरदेसाई यांची मैत्री म्हणजे मराठी इतिहासलेखनाचं भाग्यच. जदुनाथांनी जयपूरचा स्वतंत्र इतिहासही लिहिला, पण तो छापून यायला १९८४ साल उजाडलं. तोवर ते जाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. रजपुतान्यातल्या मराठ्यांच्या कारभाराविषयी ते फार कठोर लिहितात, म्हणून आपल्याकडे त्यांच्यावर राग धरणारे पुष्कळ आहेत. पण तो कठोरपणा त्यांनी मराठी कागदांतूनच उचलला आहे. खंडणीची घासाघीस आणि सरदारांची एकमेकांवरची कुरकुर आपल्याच माणसांनी लिहून ठेवली आहे. शिंद्यांच्या गोटाचा, विशेषतः त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांचा, ओढा ईश्वरीसिंहाकडे होता. एकाच पेशव्याचे दोन सरदार दोन भावांमागे उभे राहिले. शिंदे-होळकरांतली तेढ इथेच मुरली, हे जदुनाथांचं म्हणणं मला पटतं.

पुढचं सगळं भराभर घडलं. ईश्वरीसिंहाने केशवदासाला विष घालून मारलं. १७५० च्या अखेरीस त्याचा जाब विचारत, थकलेली खंडणी मागत मल्हारराव जयपुरावर आले. मंत्री हरगोविंद नाटाणी लाखभर कछवाहे आपल्या खिशात असल्याची बढाई मारत असे, आणि वेळ आली तेव्हा खिसा फाटल्याचं सांगून मोकळा झाला, अशी कथा आहे. डिसेंबरात ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. माधोसिंह मराठ्यांच्या बळावर गादीवर बसला. १० जानेवारी १७५१ रोजी शहर पाहायला, खरेदीला आत शिरलेल्या मराठ्यांवर वेशी बंद करून लोक तुटून पडले. जदुनाथांच्या हिशेबाने सुमारे तीन हजार माणसं कापली गेली. ज्याला आपण गादी दिली, त्याच्याच राजधानीत हे झालं.

पानिपतावर रजपूत का आले नाहीत, हा प्रश्न मराठी सभांतून दरवर्षी विचारला जातो आणि उत्तर म्हणून रजपुतांच्या स्वार्थाकडे बोट दाखवलं जातं. माधोसिंह काठावर बसला हे खरंच, पण त्यामागचा हिशेब जुना होता. बगरूला होळकरांशी लढलेला सूरजमलही भाऊसाहेबांची छावणी सोडून गेला. त्याआधी १७५४ मध्ये त्याच्याच कुंभेरच्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव मारला गेला होता. समितीने जैसलमेरची रेषा खुशाल हलवावी. पण जयपूरला कोणता रंग द्यायचा हे ठरवताना त्या नकाशाखाली बगरूचा तह आणि १० जानेवारीची कत्तल या दोन्ही नोंदी छापाव्यात, आणि त्या महाराष्ट्रातल्या मुलांनीही वाचाव्यात.