भरतीचे मैदान आणि भरून आलेल्या मांड्या

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गटाने व्यायाम करणारी सर्वांत मोठी मंडळी भरतीच्या मैदानावर भेटते. तालुक्याच्या क्रीडासंकुलात, शाळेच्या पटांगणात आणि यांपैकी काहीच नसेल तर गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटेच्या अंधारात मुले-मुली जमतात, ‘सर’ शिट्टी वाजवतात आणि वॉर्मअप सुरू होतो. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. वनरक्षक व्हायचे तर मुलांना चार तासांत २५ किलोमीटर आणि मुलींना तेवढ्याच वेळात १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. शहरांत खासगी अकॅडम्या ही तयारी करून घेतात. गडचिरोलीत पोलीस दलही ‘दादालोरा खिडकी’ उपक्रमातून दुर्गम भागातल्या तरुणांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षण घेते. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी अशा गावांत योगाचे, एरोबिक्सचे, झुंबाचे वर्ग आहेत आणि तिथे गृहिणी, नोकरदार, निवृत्त माणसे येतात. वय आणि हेतू वेगळे असले तरी यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाच अनुभवातून जावे लागते. मांड्या भरून येतात, पोटऱ्या ठणकतात, जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. वर्ग सोडून जाणारे बरेच जण याच दिवसांत सोडतात.

गटाने अंगमेहनत करणे या भागाला नवे नाही. गोंड आणि माडिया गावांतला रेला, राजुरा-जिवती भागातला ढेमसा हे रात्र-रात्र चालणारे सामूहिक नाच आहेत. हातात हात गुंफून एका ठेक्यावर तासन्तास पावले टाकायची, तर पायांत आणि छातीत दम लागतो. विदर्भातच अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. जोर, बैठका, लेझीम, मल्लखांब हे सगळे तिथे सांघिक शिस्तीने शिकवले गेले.

गटाचा फायदा केवळ शिस्तीपुरता नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या नौकानयनपटूंवर झालेला एक छोटा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू, तेच यंत्र, तेवढीच मेहनत. एकदा एकट्याने आणि एकदा संघासोबत एका लयीत. संघासोबत वल्ही मारल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता एकट्याने केलेल्या सरावापेक्षा जास्त भरली. एका लयीत केलेल्या श्रमाने शरीरातली वेदनाशामक एंडॉर्फिन द्रव्ये अधिक स्रवत असावीत, असे संशोधकांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. रोज पहाटे सोबतीण हाक मारते म्हणून उठावेच लागते, हा दुसरा फायदा. एकट्याने ठरवलेला व्यायाम जितक्या सहज बुडतो, तितका गटातला बुडत नाही. पण दुखणे कमी जाणवणे आणि मागे न राहण्याची ईर्षा या दोन्ही गोष्टी नवख्याला त्याच्या ताकदीपलीकडेही नेतात, आणि गटाच्या व्यायामातली खरी जोखीम तिथे आहे.

अंग दुखते कशाने, हे आधी पाहू. व्यायाम चालू असताना स्नायूंत होणारी जळजळ वेगळी. ती थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. दुसऱ्या दिवशी सुरू होणारे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते आणि पाच-सात दिवसांत जाते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच हे दोन प्रकार वेगळे करून सांगितले होते. उशिराचे दुखणे स्नायूच्या आतल्या सूक्ष्म इजेमुळे होते, हा त्यांचा अंदाज आजही पायाभूत मानला जातो.

तरीही मैदानावर हमखास ऐकू येणारे उत्तर असते, ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचले’. ते चुकीचे आहे. जोरात धावल्यावर रक्तातले लॅक्टेट वाढते हे खरे, पण विश्रांतीनंतर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येते. दोन दिवसांनी दुखावण्यासाठी ते उरतच नाही. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हे फार स्वच्छ दाखवले. त्यात सपाट पट्ट्यावरचे धावणे आणि उतारावरचे धावणे यांची तुलना केली होती. लॅक्टेट वाढले सपाटीवर धावताना आणि पाय दुखले उतारावर धावल्यानंतर.

उतार म्हटला की कारण आपोआप उलगडते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार रोखून धरतो. अशा ताणल्या जाणाऱ्या कामात स्नायूतंतूंच्या आतली बारीक रचना ठिकठिकाणी विस्कटते. मग शरीर दुरुस्तीला लागते. पेशी आणि द्रव तिथे जमतात, किंचित सूज येते आणि वेदना ओळखणारे मज्जातंतू अधिक हळवे होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणे उशिरा येते. बैठक मारताना खाली जाण्याचा टप्पा, जोर काढताना छाती जमिनीकडे नेण्याचा टप्पा, झुंबातल्या उड्यांनंतर पाय टेकण्याचा क्षण, जिवतीच्या पहाडावरून किंवा भामरागडच्या टेकड्यांवरून उतरणे, हे सगळे त्याच प्रकारचे काम आहे.

या दुखण्याचा एक गुण शेतकरी बायांना पाठ आहे. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की पहिले दोन-तीन दिवस कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग उठू देत नाही. आठवडाभरात त्याच बांधीत, तेवढाच वेळ वाकून, तेवढे दुखत नाही. एकदा विशिष्ट कामाने दुखावलेला स्नायू तेच काम पुन्हा आल्यावर कितीतरी कमी दुखावतो आणि हे संरक्षण अनेक आठवडे टिकते. पहिली खेप हलकी असली तरी ते मिळते. त्यामुळे पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढून घेण्याला काही अर्थ नाही. वीस बैठकांनी स्नायूला जो धडा मिळतो, त्यावर पुढचा सराव बेताबेताने चढवता येतो. ‘दुखले तरच अंगाला लागले’ ही समजूतही यामुळे टिकत नाही. सरावलेला धावपटू न दुखता सुधारत असतो आणि नवखा दुखून-दुखून जागच्या जागी राहू शकतो. शिवाय दुखऱ्या दिवसांत स्नायूची ताकद खरोखरच घटलेली असते, म्हणून त्या दिवशी १६०० मीटरची वेळ लावून पाहणे म्हणजे मुलाला उगाच नाउमेद करणे आहे.

दुखणे सुसह्य करण्याचे उपाय साधे आहेत आणि त्यांच्याकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. हलकी हालचाल, म्हणजे सपाट रस्त्यावर चालणे किंवा सावकाश सायकल चालवणे, यांनी तेवढ्यापुरता चांगला आराम पडतो. दिवसभर खाटेवर पडून राहिल्याने अंग उलट आखडते. हलक्या हाताने केलेली मालिश आणि थंड पाणी यांचा थोडा उपयोग दिसतो. ताण देण्याच्या व्यायामांवर मात्र फार भरवसा ठेवला जातो. २०११ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाआधी किंवा नंतर स्नायू ताणल्याने दुखण्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही असे दिसले. सांधे मोकळे ठेवायला ते करावेत, दुखणे टळेल म्हणून नव्हे. झोप पुरेशी हवी. पहाटे चारला उठायचे तर रात्री लवकर निजले पाहिजे. भातावर पोट भरणाऱ्या घरांत वरण, हरभरा, मूग, अंडी, मासळी यांचे प्रमाण वाढवणे हे महागड्या पावडरीच्या डब्यापेक्षा कितीतरी मोलाचे. वेदनाशामक गोळी खाऊन धावायला जाणे ही सवय धोक्याची आहे. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण पडतो. साध्या अंगदुखीसाठी सुई टोचून घेण्याचीही गरज नसते.

सगळे दुखणे मात्र एका जातीचे नसते. स्नायूंचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत, पसरलेले आणि दिवसागणिक उतरणारे असते. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असे एका जागेचे, धावल्यावर वाढत जाणारे दुखणे आले तर ते हाडावरच्या ताणाचे असते. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी, महिनाभरात अंतर दुप्पट करणाऱ्या भरतीच्या मुलांत ते नेहमी दिसते. ते अंगावर काढले तर हाडाला बारीक चीर जाऊ शकते. तिथे विश्रांतीला पर्याय नाही. अंगदुखीसोबत थंडी वाजून ताप आला तर व्यायामाला दोष देण्याआधी रक्त तपासावे. गडचिरोली हा महाराष्ट्रातला सर्वाधिक हिवतापाचा जिल्हा आहे आणि हिवतापाची सुरुवातही अंग मोडून येण्यानेच होते. तिसरी खूण सर्वांत गंभीर. स्नायू असह्य दुखत, सुजत असतील आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होत असेल, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतली द्रव्ये मूत्रपिंडांत अडकत असण्याची शक्यता असते. त्या दिवशीच रुग्णालय गाठावे लागते.

इथे या दोन जिल्ह्यांची एक विशेष बाब येते, आणि मैदानावर तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. मध्य भारतातील सिकलसेलवरचा अहवाल डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ मध्येच प्रसिद्ध केला होता. आजार असलेल्या, म्हणजे ‘एसएस’ व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोरकस व्यायाम सुरू करू नये. ‘एएस’, म्हणजे वाहक असलेली व्यक्ती मात्र एरवी पूर्ण निरोगी असते. अमेरिकी सैन्याच्या नवभरतीतल्या कृष्णवर्णीय तरुणांचा १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वाहकांत प्रशिक्षणादरम्यान अचानक, कारण न सापडणाऱ्या मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे २८ पट होते. त्यानंतर उष्मा, पाणी आणि टप्प्याटप्प्याने सराव याबाबत सैन्याने काटेकोर नियम केले. सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा २०१६ मधला अभ्यास आला, तेव्हा वाहकांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका मात्र ५४ टक्के जास्त होता. वाहकाने मैदान सोडावे असा याचा अर्थ नाही. सराव शहाणपणाने घेतला तर वाहकाच्या जिवाला इतरांपेक्षा जास्त धोका राहत नाही, असे त्या आकड्यांवरून दिसते.

वाहक कोसळतो तेव्हा दिसणारी चिन्हे फसवी असतात. जीव तोडून धावल्यावर थोड्याच वेळात पाय दुबळे पडतात, दुखतात, पण वांब आल्यावर स्नायू दगडासारखा घट्ट होतो तसा इथे होत नाही. मूल बोलत असते, म्हणून पाहणाऱ्याला ते नाटक वाटते. ‘ऊठ, दोनच राउंड राहिले’ असे म्हणण्याची ही वेळ नव्हे. त्याला ताबडतोब सावलीत घेऊन दवाखान्यात न्यायचे असते. चंद्रपूरसारख्या, उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या जिल्ह्यात मार्च ते जून सराव सूर्य वर येण्याआधी संपवणे आणि पाण्यासाठी कोणालाही न अडवणे हे सगळ्यांच्याच हिताचे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते. अकॅडमीत नाव घालताना फोटो आणि आधारकार्ड मागतात, तशी ही तपासणी झाली आहे का हेही विचारले जावे. मात्र उत्तरावरून कोणाला नाकारले जाऊ नये आणि ते चारचौघांत वाचून दाखवले जाऊ नये.

टप्प्याटप्प्याने सराव दिला तर या भागातली मुले कुठवर जातात, याचे उदाहरण घरातलेच आहे. ‘मिशन शौर्य’ या एव्हरेस्ट मोहिमेसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बोर्डा, देवाडा आणि जिवतीच्या आश्रमशाळांतल्या आदिवासी विद्यार्थ्यांची निवड झाली. भोंगीर, दार्जिलिंग, लडाख अशा पायऱ्या चढत त्यांची तयारी झाली आणि मे २०१८ मध्ये त्यांतल्या पाच जणांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्यांना एकदम उंचीवर नेले गेले नाही. कठीण कामाची सवय आधी कमी मात्रेत लावायची, हेच तत्त्व तिथेही होते.

साध्या वर्गाला हेच तत्त्व लावायचे तर पहिले दोन आठवडे नव्या आलेल्यांचा वेगळा गट हवा. एक दिवस धावणे असेल तर दुसऱ्या दिवशी हात-खांद्यांचा सराव किंवा गोळाफेकीचे तंत्र घ्यावे, म्हणजे दुखऱ्या पायांना सावरायला वेळ मिळतो. अंतर आठवड्यागणिक थोडेच वाढवावे. उतारावरचे धावणे आणि उड्या यांची सुरुवात अगदी थोडक्यात करावी, डांबरापेक्षा मातीची वाट निवडावी आणि आजारपणामुळे किंवा रोवणीच्या हंगामामुळे दोन-तीन आठवडे खंड पडलेल्याला थेट जुन्या अंतरावर नेऊ नये. योग-झुंबाच्या वर्गाला येणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसांनी, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम अशी आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चालले तरी तिची खालची मर्यादा गाठली जाते. ताकदीचे दोन दिवस वर्गात भरून निघतात.