कामगार एक, पंगती दोन

गळीत हंगाम सुरू झाला की इंदापूर तालुक्यात कळसच्या आसपास ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. कारखान्यातील कायम कामगाराला संघटना आहे, वेतनकरार आहे. फडातल्या मजुराला मुकादम आहे आणि डोक्यावर उचल आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’; हिशेब मात्र बहुधा पुरुषाच्या नावे. या टोळ्यांत दलित, वंजारी, बंजारा अशा समाजांतील माणसे मोठ्या संख्येने असतात. त्यांना ‘असंघटित’ म्हटले की आपले कर्तव्य संपते काय?

संघटनेच्या आत समता आपोआप नांदते, असा आपल्या कामगार चळवळीचा अनुभव नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात मजुरी अधिक मिळे. पण तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, म्हणून विटाळ होतो, ही सबब! १९२८ च्या प्रदीर्घ संपाच्या वेळी सर्व खाती सर्वांना खुली करण्याची मागणी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे मांडली. ती त्यांनी नाइलाजानेच स्वीकारली. हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही, असे उत्तर मालकांनी दिल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. उत्तर सोयीचे होते. पण कामगारांना अंतर्मुख करणारेही होते.

अशा मागण्यांनी एकजूट फुटते, हा आक्षेप जुनाच आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. समता मागणारा फूट पाडीत नाही. फूट आधीच पडलेली असते, तो ती दाखवून देतो. अमेरिकेतही गोऱ्यांच्या अनेक संघटनांनी दारे बंद ठेवली, तेव्हा रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय सेवकांना १९२५ मध्ये रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभारावी लागली.

म्हणूनच साखर कामगारांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात तोडणी मजुराचा दर आणि स्त्रीच्या स्वतःच्या नावे मजुरी, ही कलमे घालावयास हवीत. सर्वांत खाली राबणाऱ्याला जेथे स्थान नाही, त्या एकजुटीच्या घोषणेवर त्याने विश्वास का ठेवावा?