अँटेनांचा सांधा बदलताना : रिलेची निवड



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या विज्ञानाच्या सरांनी आम्हांला आठवीत विजेची घंटा उघडून दाखविली होती. तारेचे वेटोळे, त्याच्या मधोमध मऊ लोखंडाचा गाभा, समोर पोलादी पट्टी आणि पट्टीला टेकलेला रुप्याचा एक ठिपका. वीज वाहू लागली की गाभा चुंबक होतो, पट्टी ओढतो आणि ठिपका सुटतो. घंटा वाजेनाशी झाली की सर वेटोळ्याकडे पाहत नसत. कोऱ्या कागदाची पट्टी त्या ठिपक्याखालून एकदा ओढून घेत. बहुतेक वेळा घंटा पुन्हा वाजू लागे. आज ज्या रिलेविषयी मी बोलणार आहे, तो या घंटेचाच सख्खा भाऊ होय.

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला आपण ‘हॅम’ म्हणतो, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा छंद. वडोदऱ्यातील माझ्या घराच्या गच्चीवर तीन अँटेना आहेत. खोलीतील यंत्र मात्र एकच. ते यंत्र कधी या अँटेनेला, कधी त्या अँटेनेला जोडावयाचे असते. रेल्वेच्या सांधेवाल्याचे हे काम आमच्याकडे रिले करतो. ‘रिले’ हा शब्दही मुळात प्रवासातला आहे. लांबच्या मजलेत थकलेल्या घोड्यांच्या जागी टप्प्यावर जोडले जाणारे ताज्या दमाचे घोडे, असा त्याचा जुना अर्थ. जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास दुर्बळ विद्युत्प्रवाहाकडून दुसरे प्रबळ मंडल चालू करविले आणि तारायंत्राने ती युक्ती उचलली. डाकेचे घोडे बदलत तसे तारेच्या टप्प्यावर विजेचे बळ बदलू लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाजारात वीस-पंचवीस प्रकारचे रिले मिळतात. त्यांतून अँटेनेसाठी कोणता घ्यावा? पुष्कळ जण वेष्टनावरचा अँपिअरचा आकडा पाहतात आणि मोठा दिसेल तो उचलतात. मीही तेच केले होते. त्याचे फळ काय मिळाले ते पुढे सांगेनच. तत्पूर्वी थोडा हिशेब करू.

समजा, प्रक्षेपकाची शक्ती ४०० वॅट आणि केबल ५० ओहमची आहे. शक्तीला रोधाने भागून वर्गमूळ काढले की प्रवाह मिळतो : सुमारे २.८ अँपिअर. दाब येतो १४१ व्होल्ट आणि त्याचे शिखर २०० व्होल्ट. म्हणजे १६ अँपिअरचा साधा रिलेही भरपूर झाला, असे वाटते. परंतु अँटेना नेहमीच केबलशी जुळलेली नसते. स्थायी तरंगांचे गुणोत्तर ३ झाले, तर तितकीच शक्ती अँटेनेपर्यंत पोचविताना केबलवर काही ठिकाणी प्रवाह ४.९ अँपिअरपर्यंत जातो आणि अन्यत्र दाबाचे शिखर ३४६ व्होल्टपर्यंत चढते. रिले नेमका त्यांपैकी कोणत्या ठिकाणी येईल हे केबलच्या लांबीवर अवलंबून असते. म्हणून दोन्ही गोष्टी पेलणाराच रिले निवडावा.

याशिवाय रिलेवर छापलेला आकडा हा घरगुती विजेसाठी, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांसाठी दिलेला असतो, हे विसरून चालणार नाही. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या अंतरंगात शिरत नाही, केवळ पृष्ठभागावरून वाहतो. २८ मेगाहर्ट्झला तांब्यातील हा थर मिलिमीटरच्या ऐंशीव्या भागाएवढा पातळ असतो. साहजिकच तेवढाच प्रवाह अधिक उष्णता निर्माण करतो. माझा स्वतःचा नियम असा की, हिशेबाने आलेल्या प्रवाहाच्या निदान तिप्पट आकडा असलेला रिले घ्यावा. जुन्या उघड्या रिलेमध्ये प्रवाह पोलादी चौकटीतून व गुंफलेल्या तारेच्या शेपटीतून वळसे घेत जातो. असे रिले दिसायला कितीही दणकट असले तरी या कामासाठी टाळावेत.

तिसरी गोष्ट लांबीची. एक सेंटिमीटर तारेचे प्रेरकत्व अदमासे १० नॅनोहेन्री धरले, तर रिलेतील ५ सेंटिमीटर वाटेचे ५० नॅनोहेन्री होते. ७ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा अवघा २.२ ओहम, दुर्लक्ष करता येईल. २८ मेगाहर्ट्झला तो ८.८ ओहम होतो. १४४ मेगाहर्ट्झला मात्र ४५ ओहम, म्हणजे जवळजवळ केबलच्या स्वतःच्या रोधाइतका! म्हणून लघुलहरींसाठी साधा बंदिस्त रिले चालतो. त्यावरच्या वारंवारतेसाठी मात्र केबलसारखीच रचना असलेला समाक्ष रिलेच घ्यावा लागतो. तो महाग असतो, पण त्या ठिकाणी काटकसर करण्यात अर्थ नाही.

चौथी गोष्ट उघड्या संपर्कबिंदूंची. दोन ठिपके एकमेकांपासून दूर असले तरी ते मिळून एक चिमुकला धारित्र बनतात. हे धारित्र १ पिकोफॅरड धरले, तरी ३० मेगाहर्ट्झला त्यातून शक्तीचा सुमारे २८०० वा भाग पलीकडे झिरपतो. १४४ मेगाहर्ट्झला तोच जवळजवळ १२० वा भाग होतो. पलीकडे नाजूक ग्राही यंत्र असेल, तर १०० वॅट प्रक्षेपणातील सुमारे पाऊण वॅट त्याच्या तोंडात जाईल आणि ते जळूही शकेल. उपाय सोपा आहे. वापरात नसलेली प्रत्येक वाट दुसऱ्या ठिपक्याने जमिनीला जोडून टाकावी. म्हणजे जे झिरपेल ते तेथेच जिरेल. याच रचनेचा दुसरा लाभ असा की, रिलेला वीज नसताना सर्व अँटेना आपोआप जमिनीला टेकतात. वळवाच्या ढगांच्या दिवसांत हे फार मोलाचे आहे. प्रत्यक्ष कोसळणाऱ्या विजेपासून मात्र कोणताही रिले वाचवीत नाही. त्या वेळी केबल काढून घराबाहेर ठेवणे हेच खरे.

पाचवी गोष्ट वेळेची. साधा रिले हलण्यास १० ते १५ मिलिसेकंद घेतो आणि टेकल्यावरही त्याचे ठिपके क्षणभर उसळत राहतात. मोर्स लिपीत मिनिटाला वीस शब्दांच्या गतीने एक टिंब ६० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे रिलेचा हा विलंब उपेक्षणीय नाही. प्रक्षेपण चालू असताना ठिपके सुटले तर त्यांच्यामध्ये ठिणगी पेटते. घरगुती विजेत प्रवाह शून्यावर येताना ठिणगीला विझण्यास थोडी उसंत मिळते. रेडिओच्या वारंवारतेत ही उसंत इतकी अल्प असते की तापलेली हवा थंडच होत नाही आणि ठिपके जळून खडबडीत होतात. म्हणून आधी रिले, मग प्रक्षेपण. आणि आधी प्रक्षेपण बंद, मग रिले, हा क्रम मंडलातच बांधून टाकावा. माणसाच्या सावधपणावर तो सोडू नये. अतिशय त्वरेने बोलणे-ऐकणे आलटून पालटून करावयाचे असेल, तर निर्वात नळीतला रिले घ्यावा. तो काही मिलिसेकंदांत हलतो आणि हजारो व्होल्ट सहन करतो. मात्र त्याचे वेटोळे बहुधा २४ ते २८ व्होल्टचे असते व किंमतही तशीच असते.

आता सहावी गोष्ट. ही मी पुस्तकात वाचली होती, परंतु शिकलो मात्र २००१ साली.

त्या वर्षीच्या २६ जानेवारीला सकाळी ८.४६ वाजता कच्छमध्ये भूकंप झाला, हे येथील प्रौढ श्रोत्यांना सांगावयास नकोच. वडोदऱ्यातील भिंतीही हादरल्या होत्या. भुजचे दूरध्वनी बंद पडले होते. येथून भुज हवाई अंतराने पावणेचारशे किलोमीटर. ७ मेगाहर्ट्झच्या लहरींना दिवसा हे अंतर सोयीचे. २७ तारखेला सकाळपासून मी कानाला हेडफोन लावून बसलो. पट्टा निश्चल होता. किंचित खरखर, बाकी काही नाही. कोणी बोलत असेल तर मध्ये आपला आवाज घालू नये, या शिस्तीने मी बोललो नाही, नुसता ऐकत राहिलो. नंतर अँटेना तुटली असावी अशी शंका येऊन गच्चीवर गेलो. ती शाबूत होती. दुपारी दोनच्या पुढे, केवळ जुळणी पाहण्यासाठी, मी दोन सेकंद प्रक्षेपण केले. बटण सोडताच हेडफोनमधून आवाजांचा लोंढा आला. पट्टा गजबजलेला होता. सकाळपासून तो तसाच होता; मीच बहिरा होतो.

कारण असे होते. मी जुन्या बाजारातून मोठ्या हौसेने दणकट रिले आणला होता. त्याचे ठिपके रुप्याचे, मोठ्या प्रवाहासाठी बनविलेले. हवेतील गंधकाने रुपे काळवंडते; देवघरातील निरांजनावर आपण हे रोज पाहतो. त्या काळ्या थरातून वाट काढावयास काही व्होल्टचा दाब व काही मिलिअँपिअर प्रवाह लागतो. प्रक्षेपणाच्या शंभर-दीडशे व्होल्टना तो थर जाणवतही नाही. ते त्याला फोडून जातात. पण अँटेनेवर येणारा चांगला ठळक संदेशही ५० मायक्रोव्होल्टचा असतो आणि त्याचा प्रवाह एक मायक्रोअँपिअर. त्याच्यापुढे तो थर म्हणजे बंद दार. म्हणून माझे यंत्र उत्तम बोलू शकत होते आणि जवळजवळ काहीच ऐकू शकत नव्हते. दोन सेकंदांच्या प्रक्षेपणाने थर फुटला आणि दार उघडले.

संध्याकाळी दुसऱ्या एका केंद्राच्या नोंदवहीवरून कळले की, सकाळी वडोदऱ्याला अनेकदा हाक घातली गेली होती. दांडिया बाजारातील एका कुटुंबाचा मुलगा भुजला नोकरीस होता. तो सुखरूप असल्याचा निरोप द्यावयाचा होता. अखेर तो निरोप फिरून फिरून संध्याकाळी पोचला. मुलगा वाचला होता, एवढेच माझे समाधान. परंतु त्याच्या आईचा तो दिवस मला परत करता येणार नव्हता. मी त्या घरी गेलो आणि जे घडले ते सांगितले. त्या माउलीने मला चहा दिला. दोष दिला नाही.

यावर उपाय कोणते? सोन्याचा मुलामा असलेले ठिपके काळवंडत नाहीत, म्हणून केवळ ऐकण्याच्या वाटेवर ते उत्तम. मात्र मोठ्या प्रवाहाने मुलामा उडून जातो. शक्य असेल तर बोलण्याची व ऐकण्याची वाट वेगळी करावी. अँटेना बदलणाऱ्या रिलेत दोन्ही कामे एकाच ठिपक्याला करावी लागतात. तेथे हवाबंद किंवा निर्वात रिले घ्यावा. अथवा चोक व धारित्र यांच्या साहाय्याने बंद ठिपक्यांतून थोडा एकदिश प्रवाह सतत वाहू द्यावा, म्हणजे थर साचत नाही. माझ्या साध्या रिलेंना मी १२ व्होल्टवरून काही दशक मिलिअँपिअर प्रवाह देतो. रिलेची पेटी गच्चीवर असेल तर तिला तळाशी छोटे छिद्र ठेवावे, पावसाळ्यातील दव निथळते. त्यावर बारीक जाळी लावावी, नाहीतर मुंग्या घर करतात. लांब तारेत वेटोळ्याचा दाब किती घटतो तेही मोजून पाहावे.

आणि महिन्यातून एकदा, काही कारण नसताना, ज्ञात केंद्राचा आवाज प्रत्येक अँटेनेवर ऐकून नोंद करावी. आपले बोलणे पोचले की नाही हे समोरचा सांगतो. आपल्याला ऐकू येत नाही, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. कारण त्याचे सांगणेही आपल्याला ऐकू येत नसते.

तो रिले मी टाकून दिला नाही. त्या रात्री त्याचे झाकण काढले आणि कोऱ्या कागदाची पट्टी ठिपक्यांमधून एकदा ओढली. कागदावर काळी रेघ उमटली. ती पट्टी आजही माझ्या नोंदवहीत आहे. सभा संपल्यावर विद्यार्थ्यांनी पुढे येऊन ती अवश्य पाहावी. रिलेही सोबत आणला आहे, तो उघडून पाहण्यास हरकत नाही.