जुन्या गाड्यांचा धंदा: पोर्टल आणि सॉफ्टवेअर निवडताना

सेकंड हँड गाड्या विकताय, मग जाहिरात टाकायची कुठे? ओएलएक्स आणि कारवाले वेगळे दिसतात, पण 2023 पासून दोन्ही कारट्रेड टेककडेच आहेत. त्यामुळे दोन पॅकेजेस घेण्याआधी एकत्र दर विचारून बघा. स्पिनी तर स्वतःच गाड्या विकते, म्हणजे तुमची स्पर्धकच!

सॉफ्टवेअरचं खरं काम म्हणजे चौकशा जपणं. कुणी कोणती गाडी विचारली हे फक्त सेल्समनच्या मोबाईलमध्ये असेल, तर नोकरी सोडताना तो गिऱ्हाईकंही घेऊन जातो. डेमो बघताना आधी हेच विचारा: उद्या बंद केलं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का? गोलगोल उत्तर आलं की दुसरं बघा. महिन्याला चार-पाचच गाड्या जात असतील, तर सध्या गुगल शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरे.