तिरकी भिंत

मुलांनो, एकमेकांत बसणारे लेगोचे ठोकळे तुम्ही पाहिले असतील. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क ख्रिस्तियनसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनवण्यास सुरुवात केली. आज आपण पाहतो त्या प्लास्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. ठोकळ्याच्या माथ्यावर गोल उंचवटे असतात आणि ते वरच्या ठोकळ्याच्या पोकळीत घट्ट बसतात. शेजारच्या दोन उंचवट्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर असते.

या ठरलेल्या अंतरामुळेच ठोकळे जुळतात. पण त्यामुळेच भिंती समोरासमोर नाहीतर काटकोनात उभ्या राहतात. खरे गाव तसे कुठे असते? गल्ली वळते, कोपऱ्यावरचे घर तिरके असते. मग ठोकळ्यांची भिंत तिरकी कशी बसवावी?

एक टोक बसवणे सोपे आहे. सहा उंचवट्यांची लांब, चपटी पट्टी घ्या. तिच्या दोन्ही टोकांखाली एकेक लहान गोल चकती लावा. चकत्यांमुळे पट्टी थोडी उचलली जाते आणि खालच्या पाटीवरचे उंचवटे तिला आडवे येत नाहीत. आता एक चकती पाटीवर दाबा. पट्टी घड्याळाच्या काट्यासारखी हवी तशी फिरेल. अडचण दुसऱ्या टोकाची आहे. ते बहुतेक वेळा दोन उंचवट्यांच्या मध्येच कुठेतरी येते.

आता पहिल्या टोकापासून उजवीकडे ३ घरे आणि तेथून पुढे ४ घरे मोजा. तेथे जो उंचवटा आहे, त्यावर दुसरे टोक अचूक बसते! कारण तुम्हाला ठाऊक आहे. फीसागोरसचा सिद्धांत तुम्ही गणितात शिकता. तुम्ही ज्याला वतर म्हणता, तोच मराठीतला कर्ण. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, आणि २५ हा ५ चा वर्ग.

पण पट्टी तर सहा उंचवट्यांची आहे! येथेच पुष्कळ जण फसतात. सहा खांबांमध्ये अंतरे पाचच असतात. म्हणून उंचवटे मोजू नका, अंतरे मोजा.

जमीन आखताना गवंडीही दोरीने ३, ४, ५ ही मापे घेऊन काटकोन साधतात. बौधायनाच्या शुल्बसूत्रातही ३ व ४, तसेच ५ व १२ या बाजूंच्या जोड्या दिलेल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, बरोबर अर्धा काटकोन का घेऊ नये? उजवीकडे ५ आणि पुढे ५ मोजा. कर्ण सुमारे ७.०७ घरांचा होतो. आठ उंचवट्यांच्या पट्टीत अंतरे ७, म्हणजे ५६ मिलिमीटर. हवे असतात सुमारे ५६.६. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच जास्त. जोर लावला तर पट्टी बसेलही, पण ती ताणलेली राहील. ठोकळ्यांवर अशी जबरदस्ती मला तरी आवडत नाही. कोन किंचित बदलावा, हे बरे.

ठोकळे महाग असतात, प्रत्येकाकडे असतीलच असे नाही. त्यावाचून अडत नाही. गणिताच्या वहीतील चौकटीच्या कागदाची १४ घरे लांब आणि एक घर रुंद अशी पट्टी कापा. प्रत्येक घराच्या मध्यभागी ठिपका द्या. दुसऱ्या कागदावरही घरांच्या मध्यभागी ठिपके द्या. पट्टीचा पहिला ठिपका त्यांतील एका ठिपक्यावर टाचणीने टोचा आणि पट्टी हळूहळू फिरवा. सहावा ठिपका ३ व ४ च्या जागी येतो का, ते पाहा. मग चौदावा ठिपका ५ आणि १२ च्या जागी येतो का, तेही पाहा. या वेळी पट्टी कोणत्या बाजूला अधिक कललेली दिसते?